शीर्षासन, चालणे आणि काचबिंदू

“डॉक्टर, रोज पहाटे तीन किलोमीटर चालतो, पाच मिनिटे शीर्षासन करतो. आता डोळ्यांत थेंब कशाला घालायचे?”

गेल्या महिन्यात सदुसष्ट वर्षांच्या एका निवृत्त गुरुजींनी मला हा प्रश्न विचारला. दोन वर्षांपूर्वी नेत्रतज्ज्ञांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. थेंब त्यांनी दोन महिन्यांपूर्वी परस्पर बंद केले. मी रक्तदाब मोजला, तो १३०/८० भरला. “बघा, प्रेशर नॉर्मल!” गुरुजी खूश.

घोटाळा होतो तो इथेच. दंडाला पट्टा बांधून डोळ्यातला दाब कळत नाही. डोळ्यात पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर जातो. हा निचरा अडला की दाब वाढतो. तो साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर असावा. वाढलेल्या दाबाने दृष्टीची नस हळूहळू सुकते, दुखत काहीच नाही, आणि मोतीबिंदूसारखी ही नजर ऑपरेशनने परत मिळत नाही.

चालण्याने, सायकलने हा दाब थोडा उतरतो, हे खरे. पण थोडाच, आणि काही वेळापुरता. थेंबांची जागा चालणे घेऊ शकत नाही. शीर्षासनाचे तर उलटेच आहे. डोके खाली गेले की डोळ्याच्या शिरांत रक्त तुंबते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी योग करणाऱ्या ७५ जणांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शीर्षासनात दाब जवळजवळ दुप्पट झाला होता. पाय खाली आल्यावर तो उतरतो, निरोगी डोळा हे सोसतोही. पण आधीच दुबळ्या झालेल्या नसेला रोज हा मार कशाला? श्वास कोंडून जड वजन उचलणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

२०१५ पासून दर २१ जूनला योगदिन होतो, गावोगावी शिबिरे भरतात. पाठीचे दुखणे, रक्तदाब यांची चौकशी होते. काचबिंदू आहे का, हे विचारलेले मी तरी ऐकले नाही. ते विचारलेच पाहिजे. शिबिरवाल्यांना बोल लावताना माझीही चूक कबूल करतो. पंचवीस वर्षे मी “व्यायाम करा” एवढेच सांगत आलो. कोणता करता, हे क्वचितच विचारले.

चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यातला दाब आणि मागची नसही तपासून घ्या. घरात आई-वडिलांना, भावंडांना काचबिंदू असेल तर टाळाटाळ नकोच.

गुरुजींना त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. दाब २८ निघाला, डाव्या डोळ्याची कडेची नजर थोडी गेलेली होती. थेंब पुन्हा सुरू झाले, रात्री त्यांच्या सौभाग्यवती स्वतः घालतात. चालणे चालूच आहे. शीर्षासन मात्र मी बंद करायला लावले, म्हणून स्वारी अजून माझ्यावर रुसलेली आहे. तालमीत शिकलेले आसन, पन्नास वर्षांची सवय!