पाय वर की पाय खाली?

मी डॉक्टर नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर आहे. तरीही हा विषय घेतला, कारण आमच्या स्टॅनमोर-हॅरो भागात आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांची मोठी वस्ती आहे आणि ब्रिटनमध्ये आपल्यात टाइप टू मधुमेहाचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या दोन ते चार पट आहे. मधुमेहाने पायाच्या धमन्या अरुंद होतात आणि काहींवर बायपासची वेळ येते.

रुग्ण घरी आला की आपण आधी त्याच्या पायाखाली उशा रचतो. त्यामागे माया असते, पण मायेला हिशेबाची जोड हवी. गच्चीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्यावर जोरात येते, वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार. रक्ताचेही तसेच. पाय हृदयाच्या पातळीच्या वर नेला की दर सेंटिमीटरला घोट्यातला दाब पाऱ्याच्या सुमारे पाऊण मिलिमीटरने उतरतो. फूटभर उशा म्हणजे जवळजवळ २३ मिलिमीटर. ज्याच्या घोट्यात १२० दाब आहे त्याला फरक पडत नाही. ज्याच्या घोट्यात ५० आहे त्याचा निम्मा दाब गेला!

त्वचेवर छोटा इलेक्ट्रोड चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजता येतो. हा आकडा ३० मिलिमीटरच्या खाली असला की जखम भरणे अवघड होते. रक्तपुरवठा कमी असलेला पाय उंच केला की आकडा उतरतो, खाली सोडला की चढतो. रात्री पाय ठणकणारे रुग्ण पलंगावरून पाय खाली सोडतात ते उगीच नव्हे.

मग पाय सतत लोंबता ठेवावा का? तेही नाही. बायपासनंतर पायाला सूज येणे नेहमीचे आहे. तासन्‌तास पाय खाली ठेवला तर ती वाढते आणि टाके भरायला वेळ लागतो. म्हणून बसताना पाय स्टुलावर, मधूनमधून चालणे, आणि उंची सर्जन सांगतील तेवढीच.

खरा घोळ आपल्या भाषेत आहे. धमनीची बायपास असो की व्हेरिकोज व्हेन्सची शस्त्रक्रिया, आपण दोन्हीला ‘नसेचे ऑपरेशन’ म्हणतो. व्हेरिकोजमध्ये पाय उंच ठेवणे आणि घट्ट मोजे घालणे बहुधा हिताचे. धमनीच्या रुग्णाला तेच मोजे अपाय करू शकतात. त्यामुळे शेजारच्या काकूंना लागू पडलेला सल्ला आपल्या वडिलांना लागू पडेलच असे नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरही विसंबू नये. तो पायाच्या त्वचेची स्थिती सांगत नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर तो आकडा जास्त दाखवू शकतो, हे मार्च २०२४ च्या ब्रिटिश सरकारी अहवालातही आले आहे. फिकटपणा पाहायचा तर तळव्यावर आणि नखांवर पाहावा. पाय एकाएकी गार, बधिर किंवा पांढरा पडून दुखू लागला तर थेट ९९९ फिरवावा.

माझे मत असे, की घरी सोडताना तीन प्रश्न विचारून उत्तरे लिहूनच घ्यावीत: शस्त्रक्रिया धमनीची की शिरेची? पाय किती उंच, किती वेळ? मोजे घालायचे की नाही? आपल्या मंडळात डॉक्टरांची वाण नाही. त्यांनी एवढ्यावर एक पानी मराठी पत्रक काढले, तर इंग्रजी न येणाऱ्या आई-वडिलांच्या उशाशी ते नक्की उपयोगी पडेल. टंकलेखन मी करीन.