कपाटातली करवत बाहेर काढा

अमरावती-अकोल्यात बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्यांना ‘प्रिस्टिस’ हे नाव आठवत असेल. स्पॉटिंगच्या टेबलावरचा तो ठरलेला नमुना. नाव लिहायचं, वर्ग लिहायचा, दोन लक्षणं खरडायची आणि घंटी वाजली की पुढच्या टेबलावर सरकायचं. आपण असा उरकून टाकलेला हा करवत मासा जगातून चालला आहे. त्याला वाचवण्याच्या कामात वऱ्हाडाने हात घालावा, एवढ्यासाठी हा लेख.

‘समुद्रातल्या माशाचं आपल्याले काय, बाप्पा?’ असं कुणी म्हणेलच. म्हणूनच आधी हा मासा काय चीज आहे ते पाहू.

दिसायला शार्कसारखा असला तरी तो पाकटाच्या गोतातला. कल्ल्यांच्या चिरा अंगाच्या बाजूला नसून पोटाकडे असतात. जगात याच्या पाच जाती. भारताच्या किनाऱ्यावर किमान तीन नोंदल्या गेल्या: मोठ्या दातांचा, हिरवा आणि अरुंद करवतीचा. यातले पहिले दोन सहा-सात मीटरपर्यंत वाढतात. करवत म्हणजे पुढे वाढलेलं चपटं नाकाड, आणि तिचे दात हे खरे दात नव्हेतच, ते रूप बदललेले खवले. या नाकाडावर बारीक छिद्रांचं जाळं असतं. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नसलं तरी भक्ष्याच्या अंगातून निघणारी सूक्ष्म वीज त्या छिद्रांना कळते. बार्बरा वुरिंगर आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवून दिलं, की मासा याच करवतीने भक्ष्य हुडकतो, सपकन फटका मारून त्याला जायबंदी करतो आणि तळाशी दाबून धरतो. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. जन्मताना पिल्लाच्या करवतीवर मऊ वेष्टन असतं, म्हणून आई सुखरूप राहते.

हीच करवत त्याच्या जिवावर उठली. नायलॉनच्या जाळ्यात एक दात अडकला की मासा तडफडतो आणि आणखी गुरफटतो. वयात यायला त्याला बरीच वर्षं लागतात, पिल्लं मोजकी होतात, त्यामुळे झालेली तूट भरून निघत नाही. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, हे मासे ज्या 90 देशांच्या किनाऱ्यांवर होते, त्यांतल्या 46 देशांतून किमान एक जात नाहीशी झाली आहे. फ्लोरिडात तर नराशिवाय जन्मलेली पिल्लं सापडल्याचं 2015 साली प्रसिद्ध झालं. ही किमया वाचून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण मादीला नर भेटणंच दुर्मिळ झालं असावं, अशी शंका संशोधकांना आली. कायदे आहेत. भारताने 2001 साली करवत माशांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मेळघाटातल्या वाघासाठी आपण जीव टाकतो. या माशाचं नाव काढायलाही कुणी नाही.

आता नद्या. मोठ्या दातांच्या करवत माशाची पिल्लं पहिली काही वर्षं खाड्यांत आणि नदीच्या गोड्या पाण्यात काढतात. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीत असं दिसलं, की ज्या वर्षी मोठे पूर येतात त्या वर्षी पिल्लं भरपूर होतात. पाणी कमी, तर पिल्लंही कमी. आपली पूर्णा तापीला मिळून सुरतजवळ अरबी समुद्रात जाते. वर्धेचं पाणी वैनगंगा-प्राणहितेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. दोन्ही किनारे एकेकाळी या माशाचे. वाटेत तापीवर 1972 चं उकाई धरण आहे, मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा आहे. धरणं पाडा असं कुणी म्हणत नाही. पण नदीचा थोडा प्रवाह समुद्रापर्यंत पोचू द्या, ही मागणी वऱ्हाडातूनही व्हायला हवी. 2018 च्या जानेवारीत हजारो अकोलेकर मोर्णेतली जलकुंभी काढायला उतरले होते. मोर्णा साफ केली की करवत मासा परत येईल, ही थाप मी मारणार नाही. मात्र नदीसाठी घराबाहेर पडायची सवय याच गावाला आहे, हे विसरता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-अलिबागला जाल, तेव्हा आणखी एक करा. संरक्षित सागरी प्राणी सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना डिसेंबर 2018 पासूनची. ज्या होडीत बसाल तिच्या तांडेलाला ती ठाऊक आहे का, एवढं विचारा. आणि कुणी शोभेसाठी करवत विकायला काढली, तर घेऊ नका. तो गुन्हा आहे.

खरं काम मात्र घरचंच आहे. कोणती जात कुठे आणि कधी होती, याच्या जुन्या नोंदी फार थोड्या. म्हणून जुन्या करवती हाच पुरावा. सदर्न मिसिसिपी विद्यापीठातला निकोल फिलिप्स यांचा गट अशा करवतींतला डीएनए काढून, आपण नेमकं काय गमावलं ते शोधतो आहे. आपल्या महाविद्यालयांच्या संग्रहालयांत, फॉर्मलिनच्या बरण्यांमागे, अशी एखादी करवत धूळ खात पडली असेल. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी एक दुपार काढून कपाटं उघडावीत. दोन्ही बाजूंचे दात वेगवेगळे मोजा. ही संख्या जन्मापासून बदलत नाही. एका बाजूला 14 ते 24 दात आणि अंतर जवळपास सारखं असेल, तर मोठ्या दातांची जात. टोकाशी दाट आणि बुडाकडे विरळ दात असतील, तर हिरवी. बुडाचा चौथा हिस्सा बिनदाताचा असेल, तर अरुंद करवतीची. टेप शेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि ते आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्राला पाठवा. तुकडा तोडू नका, व्हार्निश लावू नका, परवानगीशिवाय नमुना हलवू नका. ताब्याची कायदेशीर नोंद आहे का, ते प्राचार्यांनी वन विभागाकडून तपासून घ्यावं. लेबल फाटलेलं असेल तर तसंच राहू द्या, त्याचाही फोटो काढा. जुनं साठा रजिस्टर चाळा, आणि त्यातही काही मिळालं नाही तर विभागातल्या निवृत्त लॅब असिस्टंटना फोन लावा. कोणता नमुना कोणत्या साली, कुणाकडून आला, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असतं.