हॉलमार्क नसलेली चांदी आणि हाली रुपयाची साक्ष

१/१०
नांदेड-लातूरकडच्या घरांतून निघणाऱ्या जुन्या चांदीवर आधी हॉलमार्क शोधला जातो. ठसा दिसला की वस्तू अस्सल, न दिसला की संशयास्पद. मराठवाड्यापुरता हा निकष मुळातच गैरलागू आहे. तो का, आणि त्याच्या जागी काय पाहावे, याविषयी हा धागा.

२/१०
हॉलमार्क ही इंग्लंडची व्यवस्था. लंडनच्या सोनारसंघाच्या ‘हॉल’मध्ये चांदी पारखून ठसा उमटवला जाई, म्हणून हे नाव. चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची पारख, आणि एक अक्षर म्हणजे वर्ष.

३/१०
हिंदुस्थानात अशी व्यवस्थाच नव्हती. कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे पी. ऑर, भुजचे उमरसी मावजी आपापले ठसे मारीत. ते ठसे घडवणाऱ्याचे नाव सांगतात; सरकारी हमी देत नाहीत. भारतीय मानक ब्युरोचे चांदीचे हॉलमार्किंग तर २००५ मध्ये सुरू झाले. पणजीच्या वाळ्यांवर तो ठसा नसणेच स्वाभाविक आहे. असेल तर त्या वाळ्यांचे वय नव्याने तपासावे.

४/१०
तरीही या भागातील चांदीवर राजसत्तेचा एक ठसा सापडतो. तो म्हणजे नाणे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते आणि तेथे ‘हाली शिक्का’ चाले. याच रुपयांना कड्या डाखून माळा गुंफल्या गेल्या. बंजारा स्त्रियांच्या पेहरावातही नाणी मिरवली.

५/१०
हाली रुपया वाचणे अवघड नाही. विसाव्या शतकातील यंत्रावर पाडलेल्या रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या कमानीतील फारसी अक्षर ‘मीम’ असेल तर नाणे मीर महबूब अली खानाचे, ‘ऐन’ असेल तर मीर उस्मान अली खानाचे. ९२ हा आकडा सन नव्हे. अक्षरांच्या अब्जद मूल्यांनुसार ती ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज आहे. सन हिजरी असतो : १३३७ म्हणजे इ.स. १९१८-१९.

६/१०
यानंतर तराजू. हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा, चांदी हजारात ८१८. ब्रिटिशांचा ‘कलदार’ ११.६६ ग्रॅमचा, चांदी हजारात सुमारे ९१७. सरकारी दर होता ७ हाली = ६ कलदार. हिशेब करून पाहावा : दोन्ही बाजूंना सुमारे ६४ ग्रॅम शुद्ध चांदी येते. तो दर या नाण्यांच्या चांदीशी असा जुळतो.

७/१०
एकाच माळेत हाली आणि कलदार दिसले म्हणून ती बनावट ठरत नाही. नांदेडहून जाणारी रेल्वे १९०० मध्ये मनमाडला पोहोचली, लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये आली. दोन्ही मार्ग ब्रिटिश मुलखाला जोडलेले. अशी मिश्र माळ ही त्या सीमेवरील व्यापाराची खूण असू शकते.

८/१०
शुद्धता आणि अस्सलपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९४० मध्ये कलदारातील चांदी निम्म्यावर आणली गेली. तो रुपया कसोटीला कमी उतरतो, तरी अस्सलच असतो. उलट साच्यात ओतलेले नकली नाणे चांगल्या चांदीचे असू शकते. त्याची अक्षरे बोथट असतात, कडेला जोड दिसतो, वजन जुळत नाही.

९/१०
नाण्यावरील सन दागिन्याच्या वयाची केवळ एक बाजू सांगतो. माळेतील सर्वांत अलीकडच्या नाण्याआधी ती माळ आजच्या रूपात घडलेली नाही, एवढेच निश्चित. जुनी नाणी नंतरही ओवता येतात.

१०/१०
नाणेसंग्राहक कडी डाखलेल्या रुपयाची किंमत कमी करतो. इतिहासाच्या दृष्टीने त्याच कडीमुळे तो मोलाचा ठरतो, कारण चलनाचे स्त्रीधन कसे झाले हे ती कडीच सांगते. ठसा नाही म्हणून अशा माळा मोडीत जातात आणि मुशीत आटतात. मोड घालणे घरची गरज असू शकते. तिला दोष देता येत नाही. पण त्याआधी घासूनपुसून चकचकीत न करता दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन करावे, गाव आणि ती माळ कोण वापरत असे ते लिहून ठेवावे. निदान तेवढी नोंद तरी मुशीपासून वाचेल.