अक्षर दिसतं तसं नसतं

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण माणसांपेक्षा संगणकावरच्या मराठी अक्षरांना जास्त लागू पडते असं माझं मत होत चाललंय. "हे कॉम्प्युटरवाल्यांचं काहीतरी" म्हणून नातेवाईक मंडळींनी इथेच पान बंद करू नये, कारण विषय तुमच्या कपाटातल्या जुन्या सीडीपर्यंत येणार आहे.

आधी थोडं तांत्रिक. आपण एडिटरमध्ये 'क' टाइप करतो तेव्हा फाइलमध्ये 'क'चं चित्र साठत नाही, एक क्रमांक साठतो. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक २३२५. प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला, पाय मोडण्याच्या चिन्हालाही असा क्रमांक आहे. 'मूर्ती' हा शब्द घ्या. आपल्याला दिसतात दोन अक्षरं. फाइलमध्ये आहेत सहा क्रमांक: म, दीर्घ उकार, र, हलन्त, त, दीर्घ वेलांटी. क्रम आपण बोलतो तसाच, म्हणजे र आधी, त नंतर. पडद्यावर मात्र तो र रफार होऊन 'ती'च्या डोक्यावर चढून बसतो. 'किल्ला'मध्ये याच्या उलट गंमत. फाइलमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी पुढे येऊन उभी राहते. ही सगळी हलवाहलव एडिटर आणि फॉन्ट मिळून करतात. म्हणूनच बऱ्याच एडिटरांत जोडाक्षरामागून बॅकस्पेस मारलं की ते तुकड्यातुकड्याने सुटतं, आणि पुढून डिलीट मारलं की अख्खं नाहीसं होतं!

थोडक्यात, अक्षर 'असणं' वेगळं आणि 'दिसणं' वेगळं. मराठी वळणाचा 'श' आणि हिंदी वळणाचा 'श' वेगळे दिसतात, पण क्रमांक एकच. कपडे बदलले, माणूस तोच. माझ्या मते ही फारकत फार मोलाची आहे, आणि ती नसली की काय होतं हे आपल्या पिढीने पाहिलंय.

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. पण घरगुती संगणकाला ती नीट दाखवता यायला विंडोज २००० यावं लागलं. तोपर्यंत सगळीकडे एकच युक्ती चालायची. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेला फॉन्ट घ्यायचा. फाइलमध्ये साठायची रोमन अक्षरंच, फक्त अंगावर मराठी कपडे. पहिली वेलांटीसुद्धा टाइपरायटरसारखी आधी मारायची. डीटीपीवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांना कागदावर छापून हवं होतं, आणि कागदावर ते सुरेख उमटायचं.

आमच्या आत्याने नव्वदच्या दशकात घरच्या पाककृती आणि सणावारांच्या रीती अशाच टाइप करून घेतल्या होत्या. फाइल आजही शाबूत आहे, एक अक्षरही गळलेलं नाही. पण तो फॉन्ट आता कुठे मिळत नाही, आणि उघडल्यावर दिसतात रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. त्यात 'पुरण' शोधून सापडत नाही, कारण 'पुरण' हा शब्द त्या फाइलमध्ये कधी नव्हताच! होतं ते फक्त त्याचं चित्र. अशा फॉन्टांतून काढलेल्या पीडीएफची तीच गत. डोळ्यांना स्वच्छ मराठी, पण अंध वाचकाला संगणकाने मोठ्याने वाचून दाखवायची वेळ आली की निव्वळ बडबड.

"मग आता युनिकोड आहे ना, प्रश्न मिटला!" असं म्हणाल, तर तसंही नाही. 'बिऱ्हाड'मधला तो आडवा र बघा. तो खाली टिंब असलेल्या र ला हलन्त देऊन काढता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. दिसायला दोन्ही सारखे, फाइलमध्ये वेगळे. एका पद्धतीने लिहिलेलं 'वऱ्हाड' दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर साधा एडिटर सरळ "नाही" म्हणतो. 'ॲ'ला तर २००८ पर्यंत स्वतःचा क्रमांकच नव्हता, त्यामुळे लोक 'अ'वर चंद्र चढवून काम भागवायचे, आणि बरेच जण अजूनही तेच करतात. आणि 'दुःख'? त्यात विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबं मारायची सवय इतकी पसरली आहे की मराठीतलं अर्धं दुःख शोधून सापडत नसावं!

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं: "वाचता येतंय ना? मग चालतंय की." मला हे पटत नाही. आपण लिहिलेलं फक्त आजचे डोळे वाचत नाहीत. ते शोधयंत्र वाचतं, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वाचतं, आणि वीस वर्षांनी आपल्या नातवंडांचा कुठलातरी संगणक वाचणार आहे. त्यांच्याकडे आपला फॉन्ट नसेल, हाती असतील फक्त क्रमांक. दिसण्यापुरतं लिहिणं म्हणजे वाळूत लिहिणं.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. लिहिणाऱ्यांनी विसर्गाला विसर्ग आणि 'ॲ'ला 'ॲ'च वापरावा. कळफलकावर तो कुठे आहे हे शोधायला पाच मिनिटं लागतात. आणि घरच्या मंडळींनी नव्वदच्या दशकातल्या फाइली बाहेर काढाव्यात. जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं आहेत, पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने ती चुका करतात. तेव्हा मूळ फाइल जपून ठेवायची आणि बदललेला मजकूर छापील प्रतीशी ओळीनं ओळ ताडून पाहायचा. 'वेलची' की 'वेलीची' हे यंत्राला कळणार नाही, ते आत्यालाच विचारावं लागेल. छापील प्रत आणि ती वाचून चूक दाखवणारं माणूस, दोन्ही हाताशी आहेत तोवरच हे काम होण्यासारखं आहे.