बोट हीच गाडीची चावी! सोय की धोका?

मलेशियात 2005 मध्ये चोरांनी एका मर्सिडीज मालकाच्या बोटाचं टोकच कापून नेलं. कारण? गाडी त्याच्या ठशाशिवाय सुरू होत नव्हती.

ह्युंदाईने 2018 मध्ये सांता फे गाडीसाठी नवी यंत्रणा जाहीर केली. एक सेन्सर दाराच्या हँडलवर, दुसरा स्टार्ट बटणावर. हे सेन्सर ठशाचा फोटो काढत नाहीत, बोटाच्या वेगवेगळ्या भागांतल्या विद्युतभाराचा फरक मोजतात. त्यामुळे नकली ठसा वापरणं कठीण जातं, असं कंपनी सांगते.

पण चोराने चाकू दाखवला तर? चावी देऊन जीव वाचवता येतो, बोट देता येत नाही. शिवाय चावी हरवली तर कुलूप बदलता येतं, ठसा नाही. म्हणूनच ठशाला पिनचा पर्याय हवाच.