आमच्या घरी मद्य नाही!



बँकेतील नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो. ज्या खात्याविषयी सगळे निर्धास्त असतात, त्याच खात्याची तपासणी राहून जाते. आपल्या कुटुंबांचे असे निर्धास्त खाते म्हणजे मद्य. व्यसनत्यागाचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्यांचा. घरात बाटली येण्याचा प्रश्नच नाही. तरीही तीन वर्षांपूर्वी माझ्या अडीच वर्षांच्या नातवाला मद्यार्काची विषबाधा झाली.

मुलीच्या सासरी कापडाचे दुकान आहे. नातू दुपारी गल्ल्याजवळ खेळत होता. तेथील सुगंधी सॅनिटायझरची बाटली त्याने तोंडाला लावली, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. थोड्या वेळाने त्याचा तोल जाऊ लागला, एकदा उलटी झाली आणि तो पेंगू लागला. ‘ऊन लागले असेल, झोपू द्या,’ असे मीच म्हणालो. अर्ध्या तासाने हाक मारली तर डोळे उघडेनात. हातपाय गार पडलेले.

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, “घरात कोणी मद्य घेते का?” मी संतापलो. आमचे घराणे कोणते, आमचे आचार काय, हे ऐकवण्यात मोलाची काही मिनिटे गेली. त्यांनी शांतपणे रक्तातील साखर तपासली. ती फारच खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज सुरू झाले. तेव्हा कुठे जावईबापूंना गल्ल्यावरची रिकामी होत आलेली बाटली आठवली. पहाटे नातवाने दूध मागितले आणि आमचा जीव भांड्यात पडला.

नंतर मी सवयीप्रमाणे हिशेब मांडला. सॅनिटायझरमध्ये साधारण ६० ते ८० टक्के मद्यार्क असतो. ७० टक्क्यांच्या द्रवाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे पावणेतीन ग्रॅम मद्यार्क येतो. १० किलो वजनाच्या बालकाच्या शरीरात तो पसरला, की १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण ४० मिलिग्रॅम होतो. मोटार वाहन कायद्याने प्रौढ चालकासाठी घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे! शिवाय मद्यार्कामुळे यकृताचे साखर तयार करण्याचे काम मंदावते. बालकाच्या शरीरातील साखरेचा साठा मुळातच थोडा. तो संपला की झटके येतात, शुद्ध हरपते. सूर्यास्तापूर्वी जेवून झोपलेल्या मुलाचे पोट रात्री रिकामे असते, म्हणून रात्रीचा धोका अधिक.

अशी चूक जाणत्यांच्या हातूनही होते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओ डोसाऐवजी १२ बालकांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. त्यांना वेळीच रुग्णालयात नेल्याने ती सर्व बरी झाली.

आता आपल्या घराची यादी करा. सॅनिटायझर, फवाऱ्याचे परफ्यूम, आफ्टरशेव्ह, काही माउथवॉश, होमिओपॅथीचे मूळ अर्क, आसवे-अरिष्टे, दुकानातील स्पिरिट : या सर्वांत कमीअधिक मद्यार्क असतो. सॅनिटायझर लावून वाळलेला हात बाळाने चाटला तर घाबरू नये. घोट गेला तर मात्र थांबू नये.

लक्षणे अशी : तोंडाला उग्र वास, तोल जाणे, बोबडे बोलणे, उलटी, अवेळी गुंगी, अंग गार पडणे, श्वास संथ होणे, झटके.

अशा वेळी बाटली काढून घ्या, मुलाचे तोंड पुसा. उलटी करवू नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मिठाचे पाणी, लिंबू, कॉफी असले उपाय नकोत. ‘झोपून उतरेल’ हा समज तर सर्वांत घातक. मूल पेंगत असेल तर कुशीवर वळवा, अंगावर पांघरूण घाला आणि तोंडाने काहीही देऊ नका. ते पूर्ण शुद्धीत असेल, तर साखरपाणी द्यावे का, हे डॉक्टरांना विचारा. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ घरात व दुकानात लिहून ठेवा. बाटली सोबत न्या. आत इथेनॉल आहे की दुसरे काही, यावर उपचार ठरतात.

आता आमच्या गल्ल्यावरची बाटली उंच फळीवर, कुलुपाआड असते. पुन्हा कधी एखाद्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, तर मी घराण्याचा इतिहास सांगणार नाही. “पीत कोणी नाही, पण घरात आहे,” एवढेच सांगेन. घराण्याचा मान नंतरही सांभाळता येतो. बालकाचा श्वास आत्ताच सांभाळावा लागतो.