विमा सगळ्यांना मिळाला, आता दवाखान्याचं बोलू या



मी पेणला राहते आणि शाळा रोहा तालुक्यात आहे. रोजचा प्रवास मेमूने, ती चुकली तर एसटीने. त्यामुळे दोन्हीकडची माणसं आणि दोन्हीकडची दुखणी कानावर येतात. मागच्या पालकसभेत वाचन-लेखनाचा विषय अर्ध्यावर राहिला आणि वाद पेटला तो सरकारच्या पाच लाखांच्या आरोग्य विम्यावरून. बाजारात छोटं दुकान असलेले एक पालक म्हणाले, "बाई, इतकी वर्षं पांढरं रेशनकार्ड म्हणून आम्हाला काहीच नव्हतं. कर आम्हीच भरतो ना? आता मिळालं तर कुणाच्या पोटात का दुखतं?" धाटावच्या कारखान्यात असलेले दुसरे म्हणाले, "माझ्या पगारातून ईएसआयचे पैसे दर महिन्याला कापतात, आणि तुम्हाला सगळं फुकट!" आमचे एक सहकारी सर पुढे सरसावले, "फुकट दिलं की किंमत राहत नाही. गरिबांना द्या, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं."

मागच्या बाकावर एक कातकरी आई बसली होती. ती काहीच बोलली नाही. सभा संपल्यावर हळूच येऊन विचारलं, "बाई, ते कार्ड कुठं मिळतं?"

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहायला घेतला. माझं मत आधीच सांगून टाकते. योजना सगळ्यांना दिली हे बरोबरच झालं. मात्र पेण-रोह्याच्या माणसाला न्याय मिळतो की नाही, हे पाच लाखांच्या आकड्यावर ठरत नाही. आजारी माणूस किती वेळात कुठे पोचतो आणि तिथे डॉक्टर असतो का, यावर ते ठरतं. वाद सगळा आकड्यावर चाललाय आणि ही बाजू बाजूलाच राहिली आहे.

आधी थोडा इतिहास, कारण यात आपल्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. म्हणजे ही योजना राज्यभर जायच्या आधी आपल्याकडे आली. पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळ्या राज्याला लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. मग जुलै २०२३ चा शासन निर्णय आला, राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. प्रत्यक्षात ते जुलै २०२४ पासून सुरू झालं. दुकानदार पालक ज्या 'आता'बद्दल बोलत होते, तो हा 'आता'.

विमा म्हणजे काय हे मी मुलांना भिशीवरून सांगते. आपल्याकडे घरोघरी भिशी असते. दहा बायका महिन्याला हजार रुपये काढतात आणि प्रत्येकीला एकदा दहा हजार मिळतात. शेवटी जेवढे घातले तेवढेच परत. विमा ही अशी भिशी आहे की जिच्यात आपला नंबर लागू नये म्हणून आपण देवाला हात जोडतो. ज्याच्यावर वेळ आली त्याने उचलायचे, बाकीच्यांनी "माझे पैसे बुडाले" म्हणायचं नाही. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "मग बाई, जो नेहमी आजारी पडतो त्याने जास्त भरायला पाहिजे ना?" जगभर ज्या मुद्द्यावर लोक भांडतात, तो त्याने एका वाक्यात काढला.

खाजगी विमा कंपनी त्या मुलासारखाच विचार करते. वय वाढलं, साखर निघाली, की हप्ता वाढतो. मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ मध्ये आला, पण साठीनंतर तो घेणं आणि टिकवणं कायम अवघड राहिलं. विमा नियामकाने २०२४ मध्ये पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची अट काढली. मग जानेवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं, की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. म्हणजे दार उघडलं, पण उंबरठा उंचच. सरकारी योजनेत असं नाही. तिथे म्हाताऱ्याला आणि तान्ह्या पोराला एकच नियम, कारण पैसा सगळ्यांच्या करातून येतो. आणि कर फक्त दुकानदार भरतो असंही नाही हं. वीटभट्टीवरची आई पोरासाठी बिस्किटाचा पुडा घेते, तेव्हा तीही भरते.

आता सहकारी सरांचा मुद्दा, "गरिबांनाच द्या." ऐकायला चांगला वाटतो. पण गरीब ठरवायचं कसं? केशरी कार्डाची मर्यादा वर्षाला एक लाख. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या कारागिराला महिन्याला दहा हजार पडतात असं धरा. वर्षाचे एक लाख वीस हजार होतात. कागदावर तो केशरीच्या बाहेर आणि विम्याच्याही बाहेर. उलट गावात दुमजली घर बांधलेल्या माणसाकडे जुनं केशरी कार्ड असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. उत्पन्नाचा दाखला दोन्ही बाजूंनी खोटं बोलतो. दुसरंही एक कारण आहे. जी सोय फक्त गरीब वापरतात तिच्याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. आपल्या जिल्हा परिषद शाळांचं काय झालं ते आपणच बघतोय. शिकलेल्यांची मुलं गेली आणि बोलणारे पालकही गेले.

मग खटकतं कुठे?

आमच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. काही वर्षांपूर्वी पथकातल्या डॉक्टरांना दुसरीतल्या एका मुलीच्या छातीत वेगळा आवाज आला. अलिबागला पाठवलं, तिथून मुंबईला, आणि हृदयाची शस्त्रक्रिया झाली. एक रुपया लागला नाही. ती मुलगी आता वर्गात सगळ्यांत जास्त धावते. योजनेवर टीका करताना मी तिला विसरत नाही, तुम्हीही विसरू नका. पण त्याच घराचा दुसरा हिशेब मला नंतर कळला. दाखल रुग्णाचं जेवण, परतीचं एसटीचं भाडं योजनेत धरलेलं असतं. बापाची बुडालेली मजुरी कशातच धरलेली नसते. दोन शेळ्या विकल्या. मोठा भाऊ धाकट्याला सांभाळायला घरी बसला तो दिवाळीनंतर शाळेत आला, तेव्हा भागाकार मागे पडला होता.

त्यांचं दुखणं निदान योजनेत बसणारं होतं. आपल्याकडची बहुतेक दुखणी बसत नाहीत. योजना आहे ती दवाखान्यात दाखल करून करायच्या उपचारांसाठी, ठरावीक यादीतल्या. रोजची रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी, पावसाळ्यातला ताप, डॉक्टरची फी हे सगळं खिशातून. देशाच्या आरोग्य खर्चाचा सरकारी हिशेब बघा. २०१३-१४ मध्ये एकूण खर्चापैकी ६४.२ टक्के लोक स्वतः करत होते, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. घट मोठी आहे, नाही कशाला म्हणा. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये घरातून जातात.

आणि अंतर. रोह्यात उपजिल्हा रुग्णालय आहे, पेणमध्येही आहे. पण अवघड केस असली की चिठ्ठी मिळते अलिबागची, नाहीतर पनवेल-मुंबईची. रात्री दोनला वडखळच्या पुढे रुग्णवाहिका कशी जाते ते मुंबई-गोवा महामार्गावर राहणाऱ्यांना सांगायला नको. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत. गाडीत झोपलेल्या माणसाला त्या वेळी पाच लाखांचा काय उपयोग?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. चांगलाच निर्णय. पण त्याच महिन्यात कळव्याच्या महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ आणि दीड महिन्याने नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले. ही दोन्ही रुग्णालयं आरोग्य विभागाची नव्हती, हे खरं. पण गर्दी, औषधं, माणसं कमी पडणं यांची चर्चा तेव्हा राज्यभर झाली. केसपेपर मोफत करायला एक आदेश पुरतो. भूलतज्ज्ञ नेमायला आणि तो गावात टिकवायला वर्षं लागतात.

जन आरोग्य अभियानासारख्या संघटना हेच सांगत आल्या आहेत, की सरकारी पैसा विम्यातून खाजगी रुग्णालयांकडे वळवण्यापेक्षा सरकारी दवाखाने भक्कम करा. खाजगी डॉक्टरांची तक्रार वेगळी. पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा मिळतात. मला दोघांचंही पटतं आणि त्यातून निष्कर्ष एकच निघतो. दर परवडला नाही की रुग्णालय योजनेतून बाहेर राहतं किंवा "बेड नाही" म्हणतं. मुंबईत दुसरं रुग्णालय शोधता येतं. रोह्यात दुसरं म्हणजे दुसरा तालुका. म्हणून जिथे खाजगी रुग्णालयं मुळातच कमी, तिथे विमा हा सरकारी दवाखान्याचा पर्याय होऊच शकत नाही.

थायलंडचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्यांनी २००२ मध्ये सगळ्यांसाठी योजना आणली, एका भेटीला तीस बाट. पण त्याआधीची काही दशकं जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालयं बांधण्यात आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवा सक्तीची करण्यात गेली होती. आधी दवाखाना, मग कार्ड. आपण कार्ड आधी आणलं. हरकत नाही, पण उरलेलं काम विसरायचं नाही.

रोह्याच्या माणसांनी तर हे जास्त हक्काने विचारायला हवं. १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर करणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आपल्या रोह्याचे, आणि कुलाब्यातूनच निवडून गेलेले. २४५ विमा संस्था एकत्र करून त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी उभी राहिली. लोकांनी विश्वासाने ठेवलेला पैसा सुरक्षित राहावा आणि विमा खेड्यापर्यंत जावा, हा त्यामागचा विचार होता. आणि विश्वास तुटला की काय होतं ते पेणकरांना विचारा. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, तेव्हा कित्येक घरांनी दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेल्या ठेवी आत अडकल्या. "सरकारचं कार्ड आहे, काळजी नको" असं म्हटलं की पेणचा म्हातारा माणूस आधी हसतो, ते उगाच नाही.

आपल्या स्वतःच्या वर्गाचंही थोडं बोलते, राग मानू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. पंचवीस हजारांच्या हप्त्यावर साडेचार हजारांचा कर होता, तो वाचला. आपल्यातले पुष्कळ खूश झाले, मीही झाले. पण हा फायदा ज्याला पॉलिसी घेता येते त्यालाच. आपली वैद्यकीय प्रतिपूर्तीची रडकथा वेगळी आहे. आईच्या ऑपरेशनचे पैसे मी आधी उसने आणून भरले आणि बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिलं, एकदा तर फक्त शिक्का अस्पष्ट म्हणून परत आलं. कॅशलेसची मागणी योग्यच आहे. फक्त ती करताना, पाठीमागे तालुक्याच्या दवाखान्यातली रिकामी जागा भरायची मागणीही असू द्या. आईला मध्यरात्री त्रास झाला तेव्हा मीसुद्धा आधी तिथेच धावले होते.

त्या कातकरी आईकडे परत येते. तिच्याकडे आधार होतं, रेशनकार्ड सासऱ्याच्या नावावर होतं, त्यात तिचं आणि दोन्ही मुलांचं नावच नव्हतं. भट्टीच्या हंगामात चार-सहा महिने बाहेर, मग नावं चढवायला तहसीलला कोण जाणार? 'सगळ्यांना योजना' या दोन शब्दांत ती बसत होती, कागदात मात्र नाही.

म्हणून यंदा जूनमध्ये दाखले घेताना आम्ही आधारबरोबर रेशनकार्डही बघायला घेतलं. दोन-चार घरांत मुलांची नावं नव्हती, काहींच्या आधारवरचं आडनाव आणि कार्डावरचं आडनाव जुळत नव्हतं. हे काम आपलं नाही असं कुणी म्हणेल. खरंय, आपल्यावर आधीच पुष्कळ ढकललंय. पण जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग यातलं आपल्याइतकं कुणाला कळतं? पालकहो, तुम्हीही आज घरचं कार्ड काढून नावं बघा. दवाखान्यात गेलात की आरोग्यमित्र कुठे बसतो ते आधी विचारा, पैसे नंतर काढा. रुग्णालय योजनेत आहे का हे १५५३८८ या नंबरवर फोन करून विचारता येतं.

पुढच्या पालकसभेत आम्ही एक अर्ज लिहिणार आहोत, उपजिल्हा रुग्णालयात कोणते तज्ज्ञ आहेत, किती जागा रिकाम्या आहेत आणि त्या कधी भरणार, हे विचारणारा. पाचवी ते सातवीच्या मुलांचा पत्रलेखनाचा पाठ त्यातच होईल. दुकानदार पालकांनी झेरॉक्सचा खर्च आपल्याकडे घेतलाय. धाटाववाले सही करतो म्हणालेत, सर अजून विचार करतायत.